टर्बोचं नंतर बघू, आधी पत्रा बघा

वाचकाचं पत्र (संक्षिप्त, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत):

मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचा, वय ४६. पंधरा वर्षांपासून इंग्लंडमध्ये आहे, सध्या कॉव्हेंट्रीजवळ राहतो, काम सॉफ्टवेअरचं. गेल्या वर्षी १९९१ची, पहिल्या पिढीची मॅझ्डा एमएक्स-५ घेतली. १.६ इंजिन, ९६ हजार मैल झालेले. आधीच्या मालकाने स्टीअरिंग व्हील आणि सायलेन्सर बदललेला आहे. चालवायला मजा येते, पण सिग्नलवर ऑफिसातल्या कुणाचीही इलेक्ट्रिक गाडी मला मागे टाकते. टर्बो किट (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा), गाडी खाली बसवणारं सस्पेन्शन आणि मोठे ब्रेक घालायचा विचार आहे. गॅरेजने नुसती मजुरीच इतकी सांगितली की सगळं स्वतः करायचं ठरवलं. व्हिडिओ पाहून बरीचशी कामं समजली आहेत. एमओटीच्या (इथल्या दरवर्षीच्या वाहन तपासणीच्या) कागदावर मागच्या सिलला (दाराखालच्या पत्र्याच्या पेटीला) गंज, मागच्या ब्रेक पाइपला गंज आणि पुढच्या आर्मच्या बुशमध्ये (सस्पेन्शनच्या जोडातल्या रबरात) ढिलेपणा अशा सूचना आहेत, पण गाडी पास आहे. बायको म्हणते, 'गॅरेजला दे, नाहीतर विकून टाक. तू त्या गाडीखाली गेलास की माझा जीव थाऱ्यावर नसतो.' वडिलांचं गावी चाळीस वर्षं गॅरेज होतं. ते फोनवर म्हणाले, 'हेच करायचं होतं तर तुला शिकवलं कशाला?' मे महिन्यात ते तीन महिन्यांसाठी इकडे येणार आहेत. त्याआधी टर्बो बसवून त्यांना दाखवावा असं मनात आहे. घरी दुसरी गाडी आहे, त्यामुळे ही अडून राहिली तरी चालेल. सुरुवात कुठून करू? आणि या दोघांना कसं पटवू?

उत्तर:

मूळ पत्रात तुम्ही टर्बोबद्दल पानभर लिहिलंय आणि एमओटीच्या सूचनांबद्दल दीड ओळ. मी उत्तर नेमकं उलट्या मापात देणार आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

आधी गाडी मंद असल्याची तक्रार. तुमच्या गाडीचं वजन साधारण ९५० किलो, आणि नवी होती तेव्हा ताकद सुमारे ११५ हॉर्सपॉवर. शून्यापासून ताशी साठ मैलांवर जायला तिला नऊ सेकंदांच्या आसपास लागत. इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते, त्यामुळे सिग्नलवरून सुटायच्या शर्यतीत तुम्ही टर्बो लावूनही बऱ्याचदा हराल. पण ती शर्यत या गाडीची कधी नव्हतीच. साठच्या दशकातल्या लोटस एलानसारख्या हलक्या, उघड्या टपाच्या गाड्यांची मजा परत आणायची, पण त्यांचं गळणारं तेल आणि रुसणारी वायरिंग नको, अशा हिशेबाने मॅझ्डाने ही गाडी आखली आणि फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात मांडली. तुमच्या कॉव्हेंट्रीतच, कॅन्लीच्या कारखान्यात, ट्रायम्फ स्पिटफायर ही अशीच छोटी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार बनत असे. ती १९८० साली बंद झाली, आणि त्याच वर्षी ॲबिंग्डनचा एमजी या स्पोर्ट्स कारचा कारखानाही. ब्रिटिशांनी रिकामी केलेली जागा हिरोशिमाच्या मॅझ्डाने भरली. चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाक दोन आर्मवर धरणारं सस्पेन्शन), गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) यांना एकत्र बांधणारी ॲल्युमिनियमची चौकट, पुढे-मागे जवळजवळ सारखं वाटलेलं वजन. कंपनीने पैसा ओतलाय तो वळणावर, सरळ रस्त्यावर नव्हे.

आता तुमच्याकडे यातलं काय उरलंय ते बघा. बुशचं रबर तीस वर्षांहून जुनं आहे, एका ठिकाणी तर ते ढिलं झाल्याचं लेखी मिळालंय. शॉक ॲब्सॉर्बर कधी बदलले याचा तुमच्या पत्रात पत्ता नाही. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, ते वाचा: २२१४ असेल तर तो टायर २०१४ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी दहा वर्षांचं रबर ओल्या रस्त्यावर भरवशाचं नाही. तर माझी पहिली शंका ही, की मॅझ्डाने बनवलेली एमएक्स-५ तुम्ही अजून चालवलेलीच नाही. तुम्ही चालवताय ती तिची झिजलेली प्रत. ती सुधारायच्या आधी मूळ गाडी कशी आहे हे एकदा अनुभवायला काय हरकत आहे?

इंजिनाचंही तेच. ११५ हॉर्सपॉवर कागदावर आहे, आज किती शिल्लक आहे? या १.६ इंजिनात स्पार्क प्लगच्या वायरी म्हाताऱ्या झाल्या की जोर दिला असताना इंजिन अडखळतं, आणि लोक त्याला 'गाडीत दम नाही' म्हणतात. प्लग आणि वायरी बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, इंजिन थंड असताना करा. त्याच वेळी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते, तपासा. मीटर फार महाग नसतं. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आले तर इंजिन सुखी आहे. एखादा फार खाली आला, तर टर्बोचा विषय तिथेच संपला.

आता गंज. एमओटीच्या कागदावरची सूचना म्हणजे 'अजून नापास केलेलं नाही' एवढंच. ब्रिटनमध्ये या पिढीच्या गाड्या इंजिन बसल्यामुळे फारशा मेल्या नाहीत, मागच्या सिल सडून मेल्या. कारण समजलं तर उपायही समजेल. टपावर पडलेलं पावसाचं पाणी मागच्या पन्हळीत जमतं, सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली उतरतं आणि मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. या नळ्यांत पानं, माती, शेवाळ अडकलं की पाणी तुंबतं आणि सिलच्या पोकळीत शिरतं. पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरचा रंग शेवटपर्यंत छान दिसतो. रस्त्यावर हिवाळ्यात पसरलेलं मीठ खालून आपलं काम करतच असतं. जो फुगा तुम्हाला आज रंगाखाली दिसतोय, त्याच्यामागे बहुतेक वेळा भोक तयार असतं.

येत्या रविवारी एवढंच करा. मागच्या चाकापुढची सिल हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला किंवा पुट्टी भरलेला बद्द वाजतो. मग कापडात गुंडाळलेलं चुंबक तिथून फिरवा. जिथे ते पकडत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. जुन्या गाडीचा आधीचा मालक किती प्रामाणिक होता हे चुंबक पाच मिनिटांत सांगतं. नंतर त्या दोन नळ्या साफ करा. गवत कापायच्या यंत्रात जी नायलॉनची दोरी असते ती घ्या, टोकदार तार घालू नका, नळी फाटते. शेवटी तांब्याभर पाणी ओता आणि दोन्ही बाजूंनी खाली पडतंय का बघा. फुकटात होणाऱ्या कामांपैकी या गाडीचं आयुष्य याच्याइतकं वाढवणारं दुसरं काम मला माहीत नाही.

सिल सडलेली निघाली तर ते वेल्डिंग तुम्ही करायचं नाही. सीटबेल्ट आणि सस्पेन्शन जिथे बांधलेलं असतं त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा सडलेला असला तर एमओटीत गाडी नापास होते. तिथे लावलेला तुकडा कडेने सलग वेल्ड केलेला असावा लागतो, पुट्टी चालत नाही. याच मॉडेलच्या सिल नेहमी करणारा माणूस शोधा, आत नवा पत्रा बसवून बाहेरचा बंद करण्याआधीचे फोटो मागा, आणि काम झाल्यावर पोकळीत मेण फवारायला सांगा. जो फोटो द्यायला कुरकुरतो त्याच्याकडे गाडी देऊ नका. या कामाला पैसे लागतील, आणि ते टर्बोच्या खात्यातून जातील. तुम्हाला आवडणार नाही, पण टर्बो लावलेली सडकी गाडी घेणारा मिळत नाही, मूळ स्थितीतली पण घट्ट पत्र्याची मिळाली तर लोक रांग लावतात.

ब्रेकच्या पाइपला आलेला गंज मात्र रविवारची वाट बघण्यासारखा नाही. पाइप आतल्या दाबाने फुटतो तो नेमका तुम्ही जोरात ब्रेक दाबता तेव्हा. हे काम या आठवड्यात गॅरेजला द्या, आणि तोवर ही गाडी रस्त्यावर काढू नका.

'स्वतः केलं की पैसे वाचतात' हे तुमचं दुसरं गृहीतक. वाचतात, पण तुम्ही समजताय तिथे नाही. बरा जॅक, उचललेली गाडी टेकवायचे चार स्टँड, सॉकेटचा संच, लांब दांड्याचा पाना, टॉर्क पाना, तेलाचं भांडं, जुने बोल्ट सैल करायचं तेल: पहिल्या वर्षी वाचलेली सगळी मजुरी हत्यारांत जाते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून फरक दिसायला लागतो, तोही देखभालीत. सुधारणांत कुणाचेच पैसे वाचत नाहीत. मजुरीचे शंभर वाचले की माणूस दोनशेचा सुटा भाग मागवतो. स्वतः काम करण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. गॅरेजमधला माणूस सांगितलेलं काम करून पुढच्या गाडीकडे वळतो, तुम्ही तेल बदलायला खाली गेलात की शेजारचा फाटका रबरी बूट पण दिसतो. तुमची गाडी वर्षभर तुमच्याच नजरेखाली राहते.

आणि ते व्हिडिओ. ते बघा, जरूर बघा, फक्त कुठल्या गावचे आहेत ते बघा. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या गाडीचा बोल्ट हाताने फिरवून काढलेला दिसतो. तुमच्या गाडीने तीस इंग्लिश हिवाळे काढलेत. सस्पेन्शनच्या कोनाचे जे बोल्ट असतात ते बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतात आणि शेवटी करवतीने कापावे लागतात. व्हिडिओतला तास तुमच्याकडे दोन शनिवार-रविवार घेईल असं धरून चाला. तेल आदल्या रात्री मारून ठेवा. अडलेल्या बोल्टशी कुस्ती खेळू नका. आटे गेले की दहा मिनिटांचं काम दहा दिवसांचं होतं. घरी दुसरी गाडी आहे हे तुमचं मोठं भाग्य. ज्या वाचकांकडे एकच गाडी आहे त्यांनी रविवारी दुपारनंतर नवीन काहीही सोडायला घेऊ नये.

कुठलं काम स्वतः करावं याची माझी कसोटी साधी आहे: माझं चुकलं तर काय होईल? गाडी सुरू होणार नाही किंवा तेल गळेल, एवढंच होणार असेल तर बिनधास्त हात घाला. इंजिन ऑइल आणि फिल्टर (साडेतीन लिटरच्या आसपास लागतं, फिल्टर इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेला आहे, काढताना तेल कोपरापर्यंत ओघळतं, त्याला इलाज नाही). गिअरबॉक्सचं तेल, ७५डब्ल्यू-९० जीएल-४, दोन लिटर. इथे एक नियम पाळा: भरायचं बूच सुटतंय याची खात्री होईपर्यंत रिकामं करायचं बूच उघडायचं नाही, नाहीतर गिअरबॉक्स कोरडा आणि भरायला वाट नाही अशी अवस्था होते. इंजिनाच्या मागच्या अंगाला, बल्कहेडशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याशी) तेल ओघळलेलं दिसलं तर बहुधा कॅम अँगल सेन्सरची रबरी रिंग गेली आहे. ती काही पेन्सांची असते, पण सेन्सर काढण्याआधी त्याच्या जागेवर खूण करा, इग्निशनचं टायमिंग त्यावर ठरतं. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली असेल तर ती फुटायची वाट बघू नका. बॅटरी डिकीत आहे, म्हणून सीलबंद आणि वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचीच घ्या. स्वस्तातली साधी बॅटरी डिकीचा पत्रा खाते.

टायमिंग बेल्ट थोडं वरच्या इयत्तेचं काम. ६० हजार मैलांना तो बदलायचा असतो, तुमच्या ९६ हजारांत तो कधी बदलला याची पावती शोधा. सुदैवाने या इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत, गाडी फक्त बंद पडते. पण तुमची १९९१ची आहे, म्हणून एक खास गोष्ट. १९९१च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. तिथला बोल्ट नीट कसला नाही तर पुली हलते, तिला शाफ्टवर धरणाऱ्या छोट्या धातूच्या चावीची खाच झिजते आणि क्रँक निकामी होतो. पुलीच्या मधल्या भागावर ४ खाचा दिसल्या तर आखूड, ८ दिसल्या तर नंतरचा, मजबूत. ४ असतील तर हे काम या इंजिनांची सवय असलेल्याला द्या.

चुकलं तर गाडी थांबणार नाही किंवा वळणार नाही, अशी कामं दुसऱ्या गटात: ब्रेक, सस्पेन्शन, स्टीअरिंग. ती करू नका असं मी म्हणत नाही. पहिल्यांदा एकट्याने करू नका. ब्रिटनमध्ये एमएक्स-५ ओनर्स क्लब आहे, त्यांच्या ठिकठिकाणी बैठका होतात, तिथे हौसेने शिकवणारे सापडतात. माणूस सोबत असला की काय फरक पडतो याचं एक उदाहरण देते. या गाडीच्या मागच्या कॅलिपरचा (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन दाबून आत जात नाही. मागचा एक बोल्ट काढायचा, आत ४ मिलिमीटरची ॲलन की घालायची आणि पिस्टन फिरवून मागे घ्यायचा. हे माहीत नसलेले लोक क्लॅम्प लावून जोर करतात आणि चांगला कॅलिपर मोडून ठेवतात. आणि काम झाल्यावर गाडी जागेवरून हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचं. पहिल्या दाबाला ते फरशीला टेकतं, आणि समोर गॅरेजची भिंत असते. चाकांचे नट शेवटी टॉर्क पान्याने, ९० ते ११८ न्यूटन-मीटरच्या दरम्यान.

तिसऱ्या गटाला हात लावायचाच नाही: पत्र्याचं वेल्डिंग, पेट्रोलच्या लाइन, आणि दाबलेली स्प्रिंग. हौशी माणसाच्या हातातून सुटलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. शॉक ॲब्सॉर्बरचे जोड खोलून गॅरेजला नेऊन द्या, ते स्प्रिंग बदलून देतील, पुन्हा बसवा तुम्ही. नंतरच्या सालांच्या गाड्यांत एअरबॅगही याच गटात.

आता सुधारणा, तुमच्या आवडीचा विषय. क्रम असा लावा: नवे टायर, नवे बुश, चांगले शॉक, मग चारही चाकांचं अलाइनमेंट. या गाडीत पुढे-मागे दोन्हीकडे चाकांचा कल जुळवता येतो, पण बोल्ट गंजलेले असतील तर नाही, म्हणून बुश आधी. मूळ माप १८५/६० आर१४ आहे. त्यापेक्षा मोठी, जड चाकं फोटोत शोभतात. रस्त्यावर हलक्या गाडीचा हलकेपणा तिथेच जातो. जुन्या भागांची काळजी करू नका. मॅझ्डाने २०१७ साली जपानमध्ये याच पिढीसाठी जीर्णोद्धाराची योजना जाहीर केली, तिच्यात टप, स्टीअरिंग व्हील, अगदी मूळ मापाचे टायरसुद्धा पुन्हा बनवून घेतले. मोठे ब्रेक हवेच असतील तर १.८ मॉडेलचे घ्या: तुमच्या पुढच्या डिस्क २३५ मिलिमीटरच्या, त्यांच्या २५५ च्या. पण त्याआधी ताजं ब्रेक ऑइल आणि बरे पॅड घालून बघा. ९५० किलोंना थांबवायला मूळ ब्रेक पुरतात.

टर्बोबद्दल माझं मत प्रतिकूल आहे आणि ते लपवत नाही. टर्बो एकटा येत नाही. इंधन आणि टायमिंग सांभाळायला वेगळा ईसीयू (इंजिनाचा संगणक), तो जुळवायला रोलिंग रोडवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या रोलरवर) दिवस, उष्णतेसाठी मोठा रेडिएटर, जोर झेलायला नवा क्लच, आणि १.६ चं छोटं डिफरन्शियल तर जास्त ताकदीपुढे मोडतं अशी त्याची ख्यातीच आहे. हे सगळं तीस वर्षं जुन्या, ९६ हजार मैल झालेल्या इंजिनावर. जास्त ताकदच हवी असेल तर त्या पैशांत ही विकून १.८ ची चांगली गाडी घ्या. आणखी भर घालता आली तर चौथ्या पिढीतलं २.० लिटरचं मॉडेल बघा, २०१८ पासून त्याला १८४ हॉर्सपॉवर आहेत. आणि टर्बो बसवण्यातच तुम्हाला आनंद आहे, वेगाशी देणंघेणं नाही, असं असेल तर तसं स्वतःशी कबूल करा; मग तो छंदाचा खर्च, आणि त्याचा हिशेब वेगळा. पण त्यासाठी मे महिन्याची मुदत नको. घाईत बसवलेला टर्बो सावकाश इंजिन खातो.

विम्याचं एक. आधीच्या मालकाने बदललेलं स्टीअरिंग व्हील आणि सायलेन्सर तुम्ही विमा कंपनीला कळवलंय का? 'मी नाही बदललं' हे उत्तर चालत नाही. कंपनीने बदल विचारलेले असतात आणि आजच्या गाडीत जे आहे ते सांगायची जबाबदारी आजच्या मालकाची. न सांगितलेल्या बदलावरून दावा कापला किंवा नाकारलाही जाऊ शकतो. जुन्या गाड्यांचे वेगळे विमे मिळतात, कमी मैलांचे, आधी ठरवलेल्या किमतीचे, तिथे विचारा. आणि एमओटीचा उपयोग शिक्षेसारखा न करता परीक्षकासारखा करून घ्या. ती मुदत संपायच्या आधी कधीही करता येते, कमाल शुल्क ५४.८५ पौंड. ब्रेक किंवा सस्पेन्शनचं पहिलं मोठं काम झालं की गाडी नेऊन दाखवा, दुसऱ्या नजरेला एवढे पैसे जास्त नाहीत. काढलेलं जुनं तेल डब्यात भरून कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर द्या, गटारात ओतणं गुन्हा आहे.

पुण्या-मुंबईहून अशाच प्रश्नांची पत्रं येतात, त्यांच्यासाठी कंसातली गोष्ट: देखभाल तुमच्या हातात आहे, पण बदलांच्या बाबतीत भारतातला कायदा फार कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध जाणारा बदल गाडीत करता येत नाही. इंजिनाला हात लावायच्या आधी आरटीओत विचारा.

आता घरातले दोघं. तुम्ही विचारलंत 'कसं पटवू', म्हणजे त्यांचं म्हणणं चूक आहे हे तुम्ही धरून चाललात. वडिलांचं वाक्य तुम्हाला लागलं, कारण त्यात तुम्हाला हात काळे करण्याची लाज ऐकू आली. असेलही. पण चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाने घसरलेले जॅक पाहिलेले असतात, चेंगरलेली बोटं पाहिलेली असतात, आणि स्वतःची कंबर रोज सकाळी त्यांना त्या गॅरेजची आठवण करून देत असते. 'शिकवलं कशाला' यात हेही बसतं. एकदा विचारा ना त्यांना, गॅरेजमधलं काय त्यांना तुमच्या वाट्याला यायला नको होतं ते. फोनवर नको, इकडे आल्यावर.

टर्बो दाखवून त्यांना खूश करण्याचा बेत मला फसणारा वाटतो. त्यांच्यासाठी मॅझ्डा म्हणजे बहुधा स्वराज मॅझ्डाची मिनीबस, आणि जुना मेस्त्री बॉनेट उघडायच्या आधी खाली वाकून बघतो. चकचकीत टर्बो आणि त्याच्या मागे सडकी सिल त्यांना दिसली, तर तुम्हाला जे ऐकायला मिळेल ते मी इथे लिहीत नाही. त्याऐवजी नवी सिल, कोरड्या नळ्या, गळती नसलेलं इंजिन त्यांच्यापुढे ठेवा. आणि एक काम मुद्दाम मागे ठेवा. पाइप आता बदलला जाईल तेव्हा गॅरेज हवा काढून देईलच, पण पुढचे पॅड आणि संपूर्ण ब्रेक ऑइल बदलणं मे महिन्यासाठी राखा. ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकापाशी. त्यांना पेडलवर बसायला सांगा. त्यांनी 'मी सुट्टीवर आलोय' म्हटलं तर आग्रह करू नका, क्लबातला माणूस बोलवा. ते बघायला येऊन उभे राहतील, आणि तुम्ही पाना चुकीचा धरलाय हे सांगतील, अशी माझी अटकळ आहे.

तुमच्या पत्नीची भीती तर मला पूर्ण रास्त वाटते. पत्रात तुम्ही स्टँडचा उल्लेखच केलेला नाही, आणि या गाडीचे स्टँड लागतात ते सिलच्याच कडेला, म्हणजे तुम्हाला सडल्याची शंका आहे त्याच पत्र्यावर. तो आत गेला तर गाडी खाली येते. म्हणून सिलचा निकाल लागेपर्यंत गाडीखाली जायचं नाही, काहीही झालं तरी. त्यानंतर जॅक पुढे मधल्या आडव्या मेंबरखाली, मागे डिफरन्शियलखाली. वजन स्टँडवर टेकवा, गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा, आणि काढलेली चाकं सिलखाली आडवी सारून ठेवा. हे सगळं त्यांना एकदा उभं राहून बघू द्या, गाडी त्यांनाच हलवायला सांगा. गाडी विकायची की ठेवायची यावर वाद घालण्याऐवजी महिन्याला किती पौंड आणि किती रविवार, हे दोघांनी बसून ठरवा. त्यांच्या ज्या अटी असतील त्या लिहून गॅरेजच्या दाराला चिकटवा. त्यात माझ्या दोन आधीच घालून ठेवा: घरात दुसरं कुणी नसेल तर गाडीखाली जायचं नाही, आणि जेवायची हाक आली की पाना खाली ठेवायचा.